आधी चार पाकिटं, मग मशीन

‘काहीतरी सुरू करावं म्हणतेय’ हे वाक्य हल्ली कुठेही कानावर पडतं. हळदीकुंकवाला, भिशीच्या दिवशी, शाळेच्या फाटकापाशी मुलांची वाट बघताना, लोकलच्या लेडीज डब्यात. जालना असो, सांगली असो, नाहीतर आमचं मानखुर्द, वाक्य तेच. त्याच्या पाठोपाठ येणारा प्रश्नही बहुतेक वेळा तोच असतो, ‘पण लोन कुठून मिळेल गं?’

मला काळजी वाटते ती या दुसऱ्या वाक्याची. कर्ज वाईट असतं म्हणून नव्हे. बायकांना बँकेच्या दारातसुद्धा कोणी उभं करत नव्हतं असे दिवस आपल्या आयांनी पाहिलेत. आज बचत गट आहेत, २०१५ पासून मुद्रा योजना आहे, घरबसल्या कर्ज देणाऱ्या कंपन्या आहेत. हे चांगलंच झालं. पण कर्जाचा प्रश्न इतका पुढे येऊन बसलाय की त्याच्या आधीचे तीन प्रश्न मागेच राहतात. माझी वस्तू कोण घेणार? कितीला घेणार? आणि एकदा घेतल्यावर परत घेणार का? या तिन्हींची उत्तरं मिळण्याआधी ज्या घरात मशीन येतं, त्या घरात हप्ता तर दर महिन्याला येतोच. गिऱ्हाईक येईलच असं नाही.

मी मानखुर्दला राहते. हार्बर लाईनवर गोवंडीनंतर मानखुर्द, आणि त्यानंतर खाडीचा पूल ओलांडला की वाशी. म्हणजे मुंबईचं हे शेवटचं टोक. इथल्या लल्लूभाई कंपाऊंडसारख्या वसाहतींमध्ये हजारो कुटुंबं राहतात, ती रेल्वेच्या नाहीतर रस्त्यांच्या कामात जुनी घरं गेलेली. घराच्या बदल्यात घर मिळालं, पण धंद्याच्या बदल्यात धंदा कोण देणार? जुन्या वस्तीत जी बाई दारात बसून इडल्या विकायची, तिचं गिऱ्हाईक समोरच्या रस्त्यावरून जात होतं. आता ती चौथ्या-पाचव्या मजल्यावर. तिच्या दारावरून कोणीच जात नाही! त्यामुळे इथल्या जवळजवळ प्रत्येकीला धंदा पहिल्यापासून मांडावा लागला. कोणी गाऊन विकते, कोणी इडलीचं पीठ, कोणी फॉल-पिको करते, कोणी इमिटेशन ज्वेलरीचे मणी ओवायचं काम घरी आणते. यातलं काय चालतं नि काय बसतं हे बघत बघत माझं मत तयार झालंय.

आमच्याच वसाहतीतली एक ताई. हात असा की तिच्या मसाल्याचा वास जिन्यात आला तरी भूक लागावी. सगळ्यांनी म्हटलं, ‘अगं, तू मसाल्याचा धंदा काढ.’ तिने काढला. गटातून कर्ज, वर थोडं सोनं गहाण, आणि कांडप मशीन घरात. त्यानंतर कळलं की या मजल्यांवरच्या बहुतेक घरांत वर्षाचा मसाला उन्हाळ्यात एकदाच करतात, तोही आपापल्या ठरलेल्या ठिकाणाहून कुटून आणतात. ज्यांनी ‘काढ, काढ’ म्हटलं होतं त्यांनी पाव-पाव किलो नेला, कौतुक केलं आणि पुन्हा आल्या नाहीत. मशीनवर आता चादर टाकलेली आहे, तिच्यावर मुलांची दप्तरं असतात.

दुसरी एक, तिच्या दोन मजले खालची. तिच्याकडे मशीन तर नाहीच, पाटीही नाही. तिने सुरुवातीला फक्त एक केलं. आठवडाभर रोज दहा ज्वारीच्या भाकऱ्या जास्त केल्या आणि संध्याकाळी स्टेशनवरून कामावरून परतणाऱ्या ओळखीच्या बायकांना विचारलं, ‘भाकरी हवीय का? पैसे घेईन हं, फुकट नाही.’ पहिल्या दिवशी चार गेल्या. तिने विचारलं, उरलेल्या का नको? कोणी म्हणालं, आमच्याकडे तांदळाची खातात. कोणी म्हणालं, आधी सांगितलं असतंस तर भात लावला नसता. त्या एका उत्तरावर तिचा धंदा उभा राहिला. आता ती दुपारी फोनवर ऑर्डर घेते आणि तेवढ्याच थापते.

दोघींच्या हाताला सारखीच चव आहे, दोघी सारख्याच कष्टाळू आहेत. फरक इतकाच की एकीने आधी खर्च केला आणि मग गिऱ्हाईक शोधलं. दुसरीने आधी गिऱ्हाईक शोधलं.

या दुसरीच्या पद्धतीला अमेरिकेत एक भारदस्त नाव आहे, ‘लीन स्टार्टअप’. एरिक रीस नावाच्या उद्योजकाने २०११ मध्ये याच नावाचं पुस्तक लिहिलं आणि जगभरच्या बिझनेस कॉलेजांमध्ये ते वाचलं जाऊ लागलं. ‘लीन’ म्हणजे सडपातळ, अंगावर फाजील चरबी नसलेला. कल्पना आली जपानच्या टोयोटा कंपनीच्या कारखान्यातून. दुसऱ्या महायुद्धानंतर या कंपनीकडे पैसाही कमी होता. मग तिथल्या ताइची ओनो या इंजिनीयरने पद्धत बसवली ती अशी की लागेल तेवढंच आणि लागेल तेव्हाच बनवायचं. माल बनवून गोदामात रचून ठेवायचा नाही. रीस यांनी हाच विचार नव्या धंद्याला लावला. त्यांच्या स्वतःच्या कंपनीने सहा महिने खपून एक कॉम्प्युटर प्रोग्रॅम बनवला होता आणि तो लोकांना नकोच होता! सहा महिन्यांनी जे कळलं ते पहिल्याच आठवड्यात विचारून कळलं असतं, हा त्यांचा धडा.

पुस्तकातलं सगळं बाजूला ठेवलं तर उरतात तीन शब्द. करा, मोजा, शिका. वस्तूचं छोटंसं, कामापुरतं रूप बनवा. ते खऱ्या गिऱ्हाइकाला खऱ्या पैशाला विका. काय घडलं ते मोजा. त्यातून शिकून पुढचं पाऊल टाका. ते आधीच्याच दिशेने असेल नाहीतर वळण घेऊन. अमेरिकेतच ‘झॅपोस’ नावाची कंपनी १९९९ मध्ये सुरू झाली, इंटरनेटवर चपला-बूट विकणारी. तिच्या मालकाने काय केलं, तर आधी गोदाम भरलंच नाही. जवळच्या दुकानात जाऊन बुटांचे फोटो काढले, ते इंटरनेटवर लावले आणि ऑर्डर आली की त्याच दुकानातून जोड विकत घेऊन पाठवला. त्यात फायदा नव्हता. पण लोक पायात घालून न बघता बूट विकत घेतात का, या एका प्रश्नाचं उत्तर त्याला स्वस्तात मिळालं. २००९ मध्ये ती कंपनी अॅमेझॉनने विकत घेतली.

हे वाचताना मला सारखं वाटत होतं की यात नवीन काय आहे? आपल्या मुंबईतच याहून मोठं उदाहरण आहे, तेही चाळीस वर्षं आधीचं, आणि बायकांचं!

१५ मार्च १९५९. गिरगावातल्या एका इमारतीची गच्ची. सात गुजराती गृहिणी, त्यांत एक जसवंतीबेन पोपट. छगनलाल करमसी पारेख म्हणजे छगनबापा या समाजसेवकाकडून त्यांनी ८० रुपये उसने घेतले आणि पापड लाटले. किती? चार पाकिटं. ती भुलेश्वरच्या ओळखीच्या व्यापाऱ्याकडे नेली. ‘लिज्जत’ पापडाची ही जन्मकथा तुम्ही ऐकलीच असेल. आपण ती कौतुकाने ऐकतो, डोळे पुसतो आणि सोडून देतो. पण ती जरा हिशेबाच्या नजरेने वाचून बघा.

चार पाकिटं म्हणजे अंदाज चुकला तर नुकसान चार पाकिटांचं. माल नेला तो थेट व्यापाऱ्याकडे, शेजारणीकडे नाही. शेजारीण चव घेऊन ‘छान’ म्हणते, व्यापारी विकला जाईल का एवढंच बघतो. त्याने मागितला तसतसा माल वाढला. सुरुवातीला या बायका दोन प्रतीचे पापड करत होत्या, एक चांगला आणि एक हलका, स्वस्तातला. छगनबापांनी सांगितलं, एकच करा आणि चांगलाच करा. त्यांनी हलका पापड बंद केला. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात. चार महिने काम बंद ठेवावं लागलं. दुसऱ्या वर्षी त्यावर उपाय काढला. खाटेवर पापड पसरायचे आणि खाटेखाली शेगडी पेटवायची. एक खाट आणि एक शेगडी! पापड वाळवायची मोठी यंत्रणा आणून बसवली असती तर? ८० रुपयांत ती येणारही नव्हती म्हणा. पण पैसा नसल्यामुळे डोकं चालवावं लागलं, हे खरंच.

पहिल्या वर्षाची विक्री होती ६,१९६ रुपये. ‘लिज्जत’ हे नाव आलं १९६२ मध्ये. म्हणजे नाव, ब्रँड, पाटी हे सगळं धंदा तीन वर्षं चालल्यानंतर. संस्थेची रीतसर नोंदणी झाली १९६६ मध्ये, आणि त्याच वर्षी खादी ग्रामोद्योग आयोगाने मान्यता दिली. आपण नेमकं उलटं करतो. आधी नाव ठरवतो, मग व्हिजिटिंग कार्ड छापतो, मग फित कापायला कोणाला तरी बोलावतो. गिऱ्हाईक सगळ्यात शेवटी.

आणखी एक गोष्ट या कथेत सहसा सांगितली जात नाही. लिज्जतच्या बहिणींनी पुढे चामड्याच्या वस्तू करून पाहिल्या, काडेपेट्या करून पाहिल्या, अगरबत्त्या करून पाहिल्या. जमलं नाही. सोडून दिलं. मसाले, पीठ, कपडे धुण्याची पावडर जमली, ती ठेवली. आज सुमारे ४५ हजार बायका या संस्थेत आहेत आणि जसवंतीबेनना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. त्या मोठ्या झाल्या त्या कधी फसल्या नाहीत म्हणून नव्हे. जे चाललं नाही त्याच्या मागे सगळं घर विकून बसल्या नाहीत म्हणून.

आमच्या मानखुर्दशी जोडलेली एक गोष्ट तर याहून वेगळी आहे. ती धंद्याची नाही, घरांची आहे, पण पद्धत तीच. १९८५ मध्ये फुटपाथवर राहणाऱ्यांबद्दल सुप्रीम कोर्टाचा निकाल आला आणि भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या बायकांसमोर प्रश्न पडला, उद्या इथून उठवलं तर जायचं कुठे? ‘स्पार्क’ या संस्थेच्या मदतीने त्यांनी ‘महिला मिलन’ हा आपला गट उभा केला. रोजच्या रोज, जमतील तितके पैसे साठवायला सुरुवात केली. आणि घर मिळालंच तर ते कसं हवं, याचाही विचार केला. तो कागदावर नाही. त्यांनी लाकूड आणि कापड वापरून खऱ्या मापाची घरं उभी केली, आत शिरून बघितली, दुसऱ्यांना बोलावून दाखवली. इथे चूल बसते का? पोरं झोपतील कुठे? छत जरा उंच घेतलं तर वर माळा निघेल का? उंच छत आणि आत पोटमाळा ही कल्पना तिथूनच पक्की झाली. विटेला हात लावण्याआधी चुका कापडात करून घेतल्या! पुढे या फुटपाथवरची कितीतरी कुटुंबं मानखुर्दच्या मिलन नगरमध्ये पक्क्या घरांत राहायला आली. ज्या बायकांना सही करता येत नव्हती त्यांनी जे केलं, त्याला आज कॉलेजात ‘प्रोटोटाइप’ म्हणतात आणि फी घेऊन शिकवतात.

छोट्या गावातलं उदाहरण हवं असेल तर साताऱ्याजवळ कशाला, थेट माण तालुक्यात म्हसवडला जाऊ. चेतना सिन्हा यांनी तिथल्या बायकांसाठी बँक काढायचं ठरवलं. परवान्याचा पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने नाकारला. कारण? अर्जावर बायकांचे अंगठे होते. बायका परत आल्या, लिहायला-वाचायला शिकल्या, पुन्हा अधिकाऱ्यांसमोर गेल्या आणि म्हणाल्या, व्याजाचा हिशेब विचारा, आम्ही तोंडी करून दाखवतो. १९९७ मध्ये ‘माणदेशी महिला बँक’ उभी राहिली. पण बँक उघडली म्हणजे बायका येतील असं थोडंच आहे? मजुरी बुडवून बँकेत कोण येणार? मग बँकेचीच माणसं बायकांच्या दारात जायला लागली. ‘बायकांना बचतीची सवयच नाही’ असं म्हणून हात झटकणं सोपं होतं. त्यांनी विचारलं, येत का नाहीत? इथेच सगळी मेख आहे. गिऱ्हाईक आलं नाही तर ते वाईट नसतं आणि आपणही वाईट नसतो. ते आपल्याला काहीतरी सांगत असतं.

हे सगळं सांगूनही मला त्या अमेरिकन पुस्तकी विचाराशी दोन ठिकाणी भांडायचंय.

पहिलं भांडण ‘अपयश’ या शब्दाशी. तिकडे पडा, उठा, पुन्हा पडा, हे मोठ्या अभिमानाने सांगतात. तिथे पडणाऱ्याच्या खाली गादी असते. पैसा गुंतवणाऱ्याचा असतो, पुन्हा नोकरी मिळते. आपल्याकडे बाईचा धंदा बसला तर फक्त पैसे जात नाहीत. ‘सांगितलं होतं ना, तुला जमणार नाही’ हे वाक्य पुढची दहा वर्षं जेवणाच्या ताटावर वाढलं जातं. गटाच्या कर्जात तर हप्ता थकला की बाकीच्या बायका दारात येतात. त्यांचीही बाजू खोटी नसते, कारण पुढचं कर्ज त्यांचंही अडतं. म्हणून मी म्हणते, आपल्यासाठी नियम जास्त कडक हवा. किती गेलं तरी घरात कोणाला जाब द्यावा लागणार नाही, तो आकडा आधी ठरवा. पाचशे असेल तर पाचशे. तेवढ्यातच पहिला प्रयोग. मंगळसूत्र, मुलांची फी आणि गॅस सिलेंडरचे पैसे या तिन्हींना प्रयोगात हात लावायचा नाही. प्रयोग फसला तर फसूदे. तो इतका लहान हवा की फसल्यावर दुसरा करता आला पाहिजे.

दुसरं भांडण जरा खोल आहे. ‘मोजा’ म्हणतात, पण काय मोजा? आपण बायका सामानाचा खर्च मोजतो, गॅसचा मोजतो, पिशवीचाही मोजतो. एकच गोष्ट मोजत नाही, आपले स्वतःचे तास. ते फुकट! कारण घरात ते कायमच फुकट होते.

भाकरीचंच घ्या. समजा, तुम्ही ४० भाकऱ्या केल्या, पंधरा रुपयाला एक. आले ६०० रुपये. दळणासकट पिठाचे २१०, गॅसचे ६०, पॅकिंगचे २०, असा खर्च २९०. उरले ३१०. वा! पण पीठ मळणं, थापणं, भाजणं, आवरणं, बांधणं आणि पोचवणं धरून चार तास गेले. म्हणजे तासाला साधारण ७७ रुपये. आता समजा त्यातल्या दहा भाकऱ्या उरल्या. आपण म्हणतो, ‘जाऊदे, दहाच तर आहेत, घरात खातील.’ पण विक्री आली ४५० वर, खर्च तोच २९०, उरले १६०. तासाला ४० रुपये! दहा भाकऱ्यांनी तुमची निम्मी मजुरी खाल्ली. हा हिशेब मांडल्याशिवाय ‘आदल्या दिवशी ऑर्डर घ्यायची’ ही साधी गोष्ट किती मोलाची आहे ते कळत नाही. तुमच्या गावातले भाव वेगळे असतील, आकडे बदला. पण वहीत ‘माझे तास’ असा एक रकाना हवाच.

हा रकाना नसेल तर काय होतं, सांगू? धंदा चाललेला दिसतो, बाई मात्र झिजत जाते. पहाटे चारला उठते, रात्री अकराला पडते, आणि हातात उरतं ते दुसऱ्याच्या घरी धुणंभांडी करून मिळालं असतं त्याहूनही कमी. वर सगळे म्हणतात, ‘घरी बसून चार पैसे मिळवतेय.’ घरी बसून? ती बसते कधी? लिज्जतमध्ये लाटणीची मजुरी किलोप्रमाणे ठरलेली आहे. मजुरी आधी, फायदा नंतर. आपण स्वतःची मालकीण झालो म्हणून मजुरी सोडून द्यायची हे कोणत्या शास्त्रात लिहिलंय?

आता काहीजणी म्हणतील, छोटं करून बघायचं म्हणजे कसंतरी करायचं का? अजिबात नाही. छोटं असावं ते प्रमाण, दर्जा नव्हे. चार पाकिटं असली तरी ती चारही चांगलीच हवीत. आणि खाण्याच्या वस्तूंमध्ये तर ‘आधी विकून बघू, स्वच्छतेचं नंतर बघू’ असं चालतच नाही. छोट्या व्यवसायालाही अन्नसुरक्षेची नोंदणी लागते, ती करून घ्या. कोणाच्या पोटावर प्रयोग करायचा नसतो.

कौतुकाला मात्र फसू नका. नणंद, जाऊ, शेजारीण, भिशीतल्या मैत्रिणी या सगळ्या प्रेमाने ‘मस्त’ म्हणतात. प्रेमाने म्हटलेलं ‘मस्त’ वहीत लिहायचं नाही. अनोळखी बाईने पूर्ण पैसे देऊन घेतलं तर लिहायचं. ती पुढच्या आठवड्यात न बोलावता परत आली तर लाल शाईने लिहायचं. आणि जी आली नाही तिला शोधून विचारायचं, ‘ताई, काय आवडलं नाही?’ हे विचारायला फार धीर लागतो, मला माहीत आहे. आपल्या स्वयंपाकाला नाव ठेवलं की आपल्याला माहेरालाच नाव ठेवल्यासारखं लागतं. पण त्या एका उत्तरात जे मिळतं ते दहा दिवसांच्या प्रशिक्षणात मिळत नाही.

प्रशिक्षणाचा विषय निघालाच आहे तर तेही बोलून टाकते. गावोगावी बायकांना काय काय शिकवतात! फिनाईल, मेणबत्त्या, जॅम-जेली, कागदी पिशव्या, ब्युटी पार्लर. शेवटच्या दिवशी सर्टिफिकेट, ग्रुप फोटो आणि कर्जाचा फॉर्म. बनवायला शिकवतात, विकायला कोणी शिकवत नाही. एका गावात तीस बायकांना एकाच दिवशी मेणबत्ती शिकवली, तर घेणार कोण? मग प्रदर्शनात स्टॉल लागतात. येणारे ‘बचत गटाचं आहे, घेऊया काहीतरी’ म्हणून घेतात. तो खप दयेचा असतो, तो बघून कर्ज काढलं की घात होतो.

माझं म्हणणं असं, जिथे जिथे सरकारी किंवा संस्थेच्या पैशातून बायकांना उद्योग शिकवला जातो, तिथे सर्टिफिकेटच्या आधी चार आठवडे विक्री करायला लावावी. अगदी लहान प्रमाणात. सामानाचे पाचशे-हजार रुपये संस्थेने द्यावेत, बुडाले तर बुडाले. चार आठवड्यांची वही तपासावी आणि मग ठरवावं, कोणाला कर्ज, कोणाला आणखी शिक्षण, आणि कोणाला प्रेमाने सांगायचं की बाई गं, हे नको, दुसरं काहीतरी बघ. आणि कर्ज दिलंच तर पहिला हप्ता लगेच लावू नये. धंदा अजून चालायला शिकत असतो, त्याच्या पाठीवर पहिल्या आठवड्यातच ओझं कशाला? बुडालेली कर्जं वसूल करत फिरण्यापेक्षा हे देणाऱ्यालाही स्वस्त पडेल.

हे कोणी करेल तेव्हा करेल. तोवर आपल्या हातात आहे ते आपण करू. गटाच्या पुढच्या बैठकीत कोणी कर्जाचा अर्ज पुढे केला, तर तिला ‘कितीचं?’ असं विचारण्याआधी विचारा, ‘आतापर्यंत किती जणींनी पैसे देऊन घेतलंय, आणि किती परत आल्या?’ उत्तर ‘अजून कोणीच नाही’ असं असेल तर तिला नाही म्हणू नका. गटाच्या पेटीतून पाचशे रुपये द्या, चार पाकिटं करायला सांगा आणि महिन्याने वही घेऊन बोलवा. गटातल्या मैत्रिणी म्हणून एकमेकींसाठी आपण एवढं तर करूच शकतो.